मोकळी केलेली जागा

मुंबईत मी काय काम करतो ते बाभुळगावात कुणाला समजावून सांगण्याची माझी इच्छा नव्हती. सांगावं लागलं, कारण तिथल्या माणसांना प्रश्न विचारल्याशिवाय दुपार घालवता येत नाही.

१९६६ चा मे महिना होता. आमच्या संस्थेतलं अमेरिकेहून आलेलं गणकयंत्र महिनाभर बंद राहणार होतं. त्या खोलीची थंड हवेची यंत्रणा बिघडली होती, आणि मुंबईच्या दमट हवेत ते यंत्र एखाद्या संस्थानिकासारखं आजारी पडतं. यंत्रापुढे बसल्याशिवाय ज्यांना विचार करता येत नाही असे माझे सहकारी हवालदिल झाले. मला यंत्र लागत नाही. मला पेन्सिल, चौकटींचे कागद आणि शांतता लागते. पहिल्या दोन गोष्टी मी बरोबर नेल्या आणि तिसरी गावी मिळेल अशी मूर्ख समजूत करून घेतली.

यवतमाळहून एस.टी.नं येऊन उतरलो तेव्हा दुपारचे बारा वाजत आले होते. रस्ता पांढरा पडला होता. कडुनिंबाच्या सावलीत बसलेल्या एकानं विचारलं, "कवा आला जफर?" मी हातात ट्रंक घेऊन बसमधून उतरताना त्याला दिसलो होतो. पुढच्या कोपऱ्यावर दुसऱ्यानं विचारलं, "कवा आला जफर?" शिंप्याच्या दुकानातून तिसऱ्यानं. तेच शब्द, तीच चाल, शेवटी तोच हेल. घर येईपर्यंत मी उत्तर देणं सोडलं होतं, पण त्यानं प्रश्नाला काही फरक पडला नाही.

मला तेव्हा वाटलं होतं की हे माझ्याच कामाचं उदाहरण आहे. एकच वाक्य, आणि प्रत्येकाच्या डोक्यात त्याची वेगळी नक्कल. केवढी उधळपट्टी.

घर बाजाराच्या मागे. पुढच्या पत्र्याखाली माझा मोठा भाऊ अन्सार याचं वर्कशॉप. तो ऑईल इंजिनं दुरुस्त करतो, आणि कापसाचा हंगाम संपला की जिनिंगमधले सरकी काढायचे रेचे खोलून पावसाळ्यापर्यंत पुन्हा बसवतो. चालणारी वस्तू दरवर्षी उघडायची आणि होती तशी परत जोडायची, याला तो धंदा म्हणतो. आत अम्मीची खोली, मधे स्वयंपाक, आणि मागे जोहराबीची खोली. जोहराबी ही अम्मीची धाकटी बहीण, आमची खाला. तिचा नवरा लवकर गेला. एकच मुलगा होता, माझ्या वयाचा. आम्ही दोघं एका ताटात जेवून वाढलो. आठवीत असताना मागच्या आवारात पऱ्हाटीच्या, कापसाच्या वाळक्या झाडांच्या, गंजीतून सरपण ओढताना त्याला साप चावला. यवतमाळच्या दवाखान्यात नेईपर्यंत तो उरला नव्हता.

त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिता आलं असतं तर ही हकिगत लिहायचं कारण उरलं नसतं.

खालाची एक सवय होती. दुपारी भाकरी झाल्या की ती मागच्या दारात उभी राहायची, रिकाम्या आवाराकडे तोंड करून त्या मुलाच्या नावानं एकदाच मोठ्यानं हाक मारायची, आणि म्हणायची, "जेवाले ये." मग क्षणभर थांबायची, आत यायची, आणि जेवायला बसायची. रडणं नाही, काही नाही. ते नाव आता दुसरं कुणी घेत नसे; घ्यायची ती एकटीच. घरातल्यांना त्याची इतकी सवय झाली होती की हाक झाली की अन्सार हात धुवायला उठायचा. मेलेल्या मुलाच्या नावावर माझ्या घरचं जेवणाचं घड्याळ चालत होतं. यात कुणालाच काही चमत्कारिक वाटत नव्हतं, हे मला सगळ्यात चमत्कारिक वाटायचं.

मी अम्मीच्या खोलीत वाळ्याची ताटी लावून बसायचो. अम्मी तिच्यावर पाणी मारायची आणि ओल्या वाळ्याचा वास कागदांवर उतरायचा. दोन-तीन दिवस बरे गेले. मग अन्सारनं तो प्रश्न विचारलाच.

जेवण झालं होतं. तो चिंधीनं बोटांवरचं ग्रीस पुसत उंबऱ्यात बसला. "जफर, तू दिवसभर लिहून राह्यला. हे हाये तरी काय?"

"तुला कळणार नाही."

"नाही कळलं तं नाही कळलं. सांग तं सही."

मी सांगितलं. यंत्राला हुकूम द्यायला एक भाषा लागते, आणि ती भाषा यंत्राला समजावून देणारी आज्ञावली मी आणि माझा एक मद्रासी सहकारी लिहीत होतो. माझ्याकडे शब्दांचा भाग होता. "यंत्राला शब्द म्हणजे अक्षरांची माळ. प्रत्येक अक्षराला जागा लागते. समज, बाभुळगाव. हा शब्द जिथे जिथे लागेल तिथे तिथे आजवर अख्खी माळ उतरवून घ्यायचे. शंभर ठिकाणी लागला तर शंभर वेळा. यंत्राचा निम्मा वेळ या नकला करण्यात जातो."

"मंग तू काय करतं?"

"मी माळ एकदाच ठेवतो. ज्याला लागेल त्याला नुसता पत्ता देतो. शब्द अमुक जागी आहे, तिथे जाऊन बघ."

"म्हंजे घरोघर हीर नाही खंदायची. गावात एकच ठेवायची."

उपमा बरोबर होती, म्हणून मी दुर्लक्ष केलं.

खाला दाराशी बसून तूर निवडत होती. ती ऐकत होती हे मला माहीत नव्हतं. तिनं सुपातून मान वर न करता विचारलं, "अन् बेटा, जो शब्द कोनालेच लागत नाही, त्याचं काय करतं?"

"त्याची जागा मोकळी करायची. तिथे दुसरा शब्द बसवायचा. जागा फुकट नसते, खाला."

"लागत नाही म्हनून कसं समजते?"

"किती जणांनी धरून ठेवलाय ते मोजायचं."

तिनं सूप एकदा पाखडलं. सुपातले खडे वेगळे होताना वाजत होते. "अन् एकानंच धरला असन तं?"

माझं घोडं नेमकं तिथेच अडलं होतं, हे मी तिला सांगणार नव्हतो. मोजदाद ठेवायलाही जागा लागते, आणि ती माझ्याकडे फार थोडी होती. एका चौकटीत दोन खुणा बसवायच्या तशी माझी धडपड चालली होती. मला तो संवाद संपवायचा होता, म्हणून मी म्हणालो, "एकानं धरलेला शब्द काय मोजायचा? ज्याला एखादा शब्द खरंच हवा आहे त्यानं तो दोन ठिकाणी धरावा. एकाच ठिकाणी राहिलेला शब्द हा नसल्यातच जमा."

अन्सार हसला. खाला हसली नाही. तिनं तूर तशीच सुपात ठेवली आणि ती आत गेली.

बोलता बोलता सुचलेलं मला सहसा आवडत नाही. हे आवडलं. एक आणि शून्य यांत फरकच ठेवायचा नाही. जागा वाचत होती, वेळ वाचत होता, आणि वापरणाऱ्यानं थोडी अक्कल वापरावी एवढीच अट होती. ती अट मला अवाजवी वाटली नाही. त्याच दुपारी मी तो भाग लिहायला घेतला आणि दुसऱ्या दिवशी जेवणाआधी संपवला. चांगलं काम झाल्यावर अंगाला येतो तसा हलकेपणा आला होता. ताटी वाळून गेली होती, तेही मला कळलं नव्हतं.

बाहेर अन्सार वर्कशॉपमध्ये उभा होता. त्याच्या हातात एक वाकडा पाना होता. अब्बांनी जुन्या बैलगाडीच्या आसाचं लोखंड ठोकून तो स्वतः बनवला होता आणि त्याला स्वतःच एक नाव दिलं होतं. अब्बा गेल्यावर ते नाव फक्त अन्सार वापरायचा.

"याले काय म्हनतो बे मी?" त्यानं विचारलं.

"कशाला?"

"याले. रोज म्हनतो ना मी. आन रे तो... आन रे..." तो पाना उलटसुलट करून पाहत होता, जणू नाव कुठेतरी खाली कोरलेलं असेल. मग हसला. "ऊन लय झालं."

मी मान हलवली. भावाची बुद्धी उन्हानं वितळावी इतकी होती असं मला कधीच वाटलं नव्हतं.

नंतर बकरीचं झालं. अम्मीची एक काळी बकरी होती. तिला अम्मी लाडानं काहीतरी म्हणायची. काय म्हणायची ते दुसऱ्या कुणी कधी उच्चारलं नसेल, कारण त्यात एवढा लाडिकपणा होता की माणसाला लाज वाटावी. सकाळी मी दात घासत आवारात उभा होतो. अम्मी शेवरीचा पाला हातात धरून दाराशी उभी राहिली आणि तिनं तोंड उघडलं. काही आलं नाही. तिनं पुन्हा तोंड उघडलं.

"ये," ती म्हणाली. "ये... ये वं."

बकरी भिंतीजवळ होती. तिचे कान उभे होते. ती अम्मीकडे एकटक बघत होती, पण हलत नव्हती. ती वाट बघत होती. असं कितीतरी वेळ चाललं. शेवटी अम्मीनं पाला तिथेच जमिनीवर ठेवला आणि माझ्याकडे न बघता आत गेली. बकरीनं त्या पाल्याला तोंड लावलं नाही.

म्हातारपण, मी स्वतःशी म्हणालो. आणि जनावरांची नावं ठेवणाऱ्यांचं असंच व्हायला पाहिजे.

त्याच दुपारी भाकरी झाल्या. खाला मागच्या दारात गेली. मी कागदांवर वाकलेलो होतो, पण कान नकळत त्या हाकेसाठी तयार झाला होता, जसा तो घड्याळाच्या टोल्यासाठी होतो. हाक आली नाही. अन्सार हात धुवायला अर्धा उठला होता, तो तसाच थांबला.

आवारात ऊन एवढं होतं की पऱ्हाटीची गंज पांढरी दिसत होती. खाला दाराच्या दोन्ही बाजूंना हात टेकून उभी होती. तिची पाठ आमच्याकडे होती. तिचे खांदे वर झाले, श्वास भरला गेला, आणि तसाच सुटला. पुन्हा भरला. पुन्हा सुटला.

मग ती वळली. "आपा," ती अम्मीला म्हणाली, अगदी हळू, "माह्या पोराचं नाव काय वं?"

"काय वं जोहरा, असं काय करून राह्यली? तुह्या पोराचं नाव..." अम्मीच्या हातात तवा होता. तो तिनं चुलीच्या कडेला ठेवला. "नाव तं..."

खालानं अन्सारकडे पाहिलं. अन्सारनं माझ्याकडे पाहिलं.

मला हसू येत होतं. तिघं जण एका घरात राहतात, रोज एक नाव ऐकतात, आणि एका दुपारी तिघंही विसरतात. मी तोंड उघडलं, त्यांना ते नाव सांगायला.

त्या मुलाचा आवाज मला आठवत होता. त्याच्या अंगठ्याचं नख उभं फाटलेलं होतं, ते आठवत होतं. मास्तर हजेरी घेताना त्याच्या नावावर थोडे थांबायचे कारण त्याला उत्तर द्यायला उशीर व्हायचा, तो थांबाही आठवत होता. त्या थांब्याच्या आधी जे होतं तिथे काही नव्हतं. विसरलेलं नाव जिभेच्या टोकावर असतं, ते टोचतं. इथे टोचत नव्हतं. पडलेल्या दाताच्या जागी जीभ जाते तसं होतं, आणि तिथे खड्डाही नव्हता.

"आठवेल," मी म्हणालो. "जेवून घ्या."

कुणी जेवलं नाही.

संध्याकाळी मी भीमराजकडे गेलो. भीमराज आमच्या वर्गात होता, त्या मुलाच्या बाकावर बसायचा, आणि आता गावच्याच शाळेत मास्तर होता. छप्पन्न साली दीक्षा घेऊन आल्यावर त्यानं घरातले सगळे देव बेंबळा नदीत सोडले होते. गावात मला त्यातल्या त्यात सहन होणारा तो एकच माणूस. त्याच्या पत्नीनं, इंदूबाईनं, गुळाचा चहा दिला. मी सहज बोलल्यासारखं विचारलं.

"तुहा मावसभाऊ?" भीमराज म्हणाला. "त्याले कसा विसरीन मी? मले बोरं आनून दे तो. हा..." त्याचा हात हवेत थांबला. "आरे, काय बावा नाव..." त्यानं डोळे मिटले. बराच वेळ मिटून ठेवले. उघडले तेव्हा तो माझ्याकडे जरा रागानं बघत होता. "तुले माहीत नाही का? तुहाच भाऊ ना?"

आमच्या कबरस्तानात दगडावर नाव लिहायची रीत नाही. तिथे जाण्यात अर्थ नव्हता, आणि शाळेची जुनी हजेरीपुस्तकं वाळवीनं कधीच खाल्ली होती.

खालानं खाणं सोडलं. ती मागच्या दारात बसून असायची, आवाराकडे बघत. पाणी दिलं तर प्यायची. अम्मी तिच्याजवळ बसून राहायची. एकदा खाला म्हणाली, "आपा, हाक कायनं मारू? बिननावाचा कसा येईन तो?" अम्मीनं तिचा हात धरला. घरात माणूस नव्यानं मेल्यासारखी शांतता होती. मुलगा गेला तेव्हा देखील ती अशी बसली नव्हती, असं अम्मी म्हणाली. तेव्हा तिच्याजवळ काहीतरी उरलं होतं.

मला त्या शांततेत काम करता येईना. आता हेही सांगून टाकतो की मी तो भाग लिहिलेले कागद एकदा काढून पाहिले होते. एक आणि शून्य. अन्सारचा पाना, अम्मीची बकरी. मग मला स्वतःचीच किळस आली. मुंबईहून आलेला माणूस आठवड्याभरात मांत्रिकासारखा विचार करू लागतो, हा त्या गावाच्या हवेचा गुण होता. मी एक अक्षरही बदललं नाही. कागद ट्रंकेत ठेवले.

पण नाव शोधायची साधी, सरळ पद्धत होती, आणि ती वापरायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. नावं काही अगणित नसतात. एकेक उच्चारायचं. बरोबर नाव आलं की ते तिला ओळखू येईल.

दुपारी मी तिच्यासमोर पाटावर बसलो. अम्मी तिच्या पाठीशी होती, अन्सार दाराला टेकून उभा होता. मी क्रमानं सुरुवात केली. अकबर. अजीज. अन्वर. प्रत्येक नावाला खाला नीट ऐकायची, आत कुठेतरी लावून बघायची, आणि मान हलवायची.

"नाही."

इब्राहीम. इस्माईल. उस्मान. करीम. कादर.

"नाही, बेटा."

बाहेर वारा पडला होता. ताटी वाळली होती आणि कुणी पाणी मारायला उठत नव्हतं. खलील. तिच्या वरच्या ओठावर घाम होता. गफूर. पुढचं नाव माझं होतं. ते वगळायला हरकत नव्हती. पण पद्धत म्हणजे पद्धत; एक वगळलं की तिच्यात काही अर्थ राहत नाही, आणि हे मी नवशिक्यांना शिकवत आलो आहे.

"जफर," मी म्हणालो.

खालाची मान हलली नाही.

तिनं वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचं सगळं काही सैल झालं, पाण्यात पडलेल्या कागदासारखं.

"जफर," ती म्हणाली. "हाव. जफरच."

"खाला, ते माझं नाव आहे."

"जफर," अम्मी म्हणाली, आणि तिनं पदरानं डोळे पुसले. "हाव वं. जफर! कसं तोंडातून गेलतं, अल्ला जाने."

अन्सारनं कपाळावर हात मारून घेतला. तो हसत होता. "पाहा बरं! जफर. कवापासून मी म्हनून राह्यलो, जिभेवर हाये म्हनून."

"अन्सार," मी म्हणालो, "जफर मी आहे."

तिघांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. एखाद्यानं चांगल्या वेळी वाईट थट्टा केली की आपण जसं बघतो आणि सोडून देतो तसं.

खाला उठली. तिला उठताना आधार लागला नाही. ती मागच्या दारात उभी राहिली आणि तिनं रिकाम्या आवाराकडे तोंड करून मोठ्यानं हाक मारली.

"जफर! जेवाले ये."

अन्सार हात धुवायला उठला.

त्या दिवशी सगळे पोटभर जेवले. अम्मीनं मला दोनदा आग्रह केला. "घे ना रे," ती म्हणाली. "तू कायले उपाशी राहतं?"

तू. मी लक्ष ठेवू लागलो. अम्मी मला "तू" म्हणायची, "अरे" म्हणायची. अन्सार "बे" म्हणायचा. प्रेमात काही कमी नव्हतं. ताटीवर पाणी वेळेवर मारलं जात होतं. शिंप्याच्या दुकानावरून गेलो तेव्हा आतून आवाज आला, "कवा जातं?" आणि त्यापुढे जिथे काहीतरी असायला हवं होतं तिथे शिलाई मशीन चालू झालं.

रस्त्यात भीमराज भेटला. सायकलवरून उतरला. खुशीत होता.

"आठवलं बरं का मले. जफर! पऱ्हाटीत साप डसला होता त्याले. कसा विसरलो, मलेच शरम वाटून राह्यली."

"भीमराज, माझं नाव काय?"

तो हसला. माझ्या तोंडाकडे बघत हसत राहिला. मग त्याचं हसणं हळूहळू कमी झालं, पण तोंड तसंच राहिलं.

"काय हे," तो म्हणाला. "मास्तर माणसाची थट्टा करतं." त्यानं सायकलवर टांग टाकली. जाताना त्यानं एकदा मागे पाहिलं.

मी दुसऱ्याच दिवशी निघायचं ठरवलं. कारण काढायची गरज पडली नाही. कुणी विचारलं नाही.

निघण्याआधी मी खालाच्या खोलीत गेलो. ती मिरच्यांचे देठ काढत होती. खोलीत तिखटाचा कोंडलेला वास होता. ती बरी दिसत होती, दहा वर्षांनी लहान झाल्यासारखी. मला फक्त एकदा तिच्या चुकीवर बोट ठेवायचं होतं. एवढा हक्क मला होता.

"खाला, तुझा मुलगा दिसायला कसा होता?"

"जफर?" ती म्हणाली, आणि तिचा हात थांबला. "सावळा. उंच झाला असता, तुह्याएवढा. बोलाले तोडून टाके, पन मनाचा वाईट नव्हता." ती स्वतःशी हसली. "अन् हनुवटीवर वन होता त्याच्या. हा इथसा. अन्सारच्या अब्बाचं इंजिन कोनाले न इचारता चालू कराले गेलता. हँडल उलटं बसलं. आपानं हयद भरली, तरी टेकाडासारखा राह्यला तो वन. मोठा होऊन दाढी कशी करीन, असं मी म्हनो."

ते हँडल मला बसलं होतं. मी पाचवीत होतो. रक्त शर्टाच्या आत गेलेलं मला आजही आठवतं, आणि हळदीचा चटका. तिचा मुलगा तेव्हा इंजिनाच्या पलीकडे उभा होता आणि ओरडत होता.

"तो व्रण माझा आहे," मी म्हणालो.

खालानं मान वर केली. तिनं माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, मग हनुवटीकडे. खिडकीतून ऊन सरळ माझ्या तोंडावर येत होतं. तिच्या डोळ्यांत माझ्याविषयी दया आली.

"नाही, बेटा," ती म्हणाली. "तुले नाही."

मी हात हनुवटीकडे नेला नाही. अडाणी बाईच्या बोलण्यावरून स्वतःचा चेहरा चाचपून बघणारा माणूस मी नाही. मी ट्रंक उचलली. अम्मीनं दशम्या बांधून दिल्या आणि कपाळावरून हात फिरवला. अन्सारनं स्टँडवर आणून सोडलं आणि बस सुटेपर्यंत तो एका रेच्याच्या पट्ट्याबद्दल बोलत राहिला.

जूनमध्ये यंत्र सुरू झालं. माझा भाग पहिल्याच फेरीत चालला. मद्रासी सहकाऱ्याला एवढ्या वेगाची अपेक्षा नव्हती. एकाच ठिकाणी धरलेल्या शब्दांचं काय होतं, असं त्यानं विचारलं होतं. मी त्याला जे सांगितलं ते त्यानं हसून मान्य केलं. ती आज्ञावली अजून तशीच वापरात आहे. संस्थेत मला सगळे आडनावानं हाक मारतात, त्यामुळे कसली अडचण येत नाही.

सकाळी मी आरशाशिवाय दाढी करतो. सवय झाली आहे. वस्तरा गालावरून उतरतो, आणि हनुवटीवरून कुठेही न अडता सरळ खाली येतो.